भागीला भीती वाटली नाही

यंदा भात चांगलं आलं. मागच्या आठवड्यापासून खळ्यावर झोडणी चालू आहे. पेंढ्याची कुसळं उडून नाकात जातात, मानेला खाज सुटते, सून म्हणते, ‘आत बसा,’ पण मी काही ओसरी सोडत नाही. मार्गशीर्षातली ही दुपार मला फार आवडते आणि फार जड जाते. उन्हाला धार नसते. शेतं कापून रिकामी झालेली असतात आणि त्यांच्या ओलीवर पेरलेला वाल नुकता फुलावर आलेला असतो. ढाकचा डोंगर इतका जवळ येतो की हात लावावा.

परवा रविवारी नातवंडांनी भाड्यानं व्हिडिओ आणला. भुताचा सिनेमा होता, फार गाजलेला. परदेशात म्हणे तो बघताना लोक खुर्च्या सोडून पळाले होते. आमची पोरं मात्र शेंगा सोलत, हसत हसत बघत होती. भुताच्या तोंडाला फासलेला रंग दिसतो, दार उघडायच्या आधी दोरी हलते, असं एकमेकांना दाखवत होती. मी भिंतीला टेकून बसले होते. धाकट्या नातीनं विचारलं, “आजी, तुलापण भीती नाही वाटली?”

मी म्हटलं, “माझी एक नणंद होती. तिनं असला सिनेमा तीनदा बघितला. तिलाही वाटली नव्हती.”

“मग शूर होती का गं ती?”

त्या दिवसापासून तो एक हिवाळा मनात येऊन बसलाय. लिहून काढल्याशिवाय तो काही उठायचा नाही.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षीचा तो हिवाळा. मी वीस-एकवीस वर्षांची असेन. माझं माहेर नेरळचं, वडील रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे सांधेवाले, म्हणून मी चौथीपर्यंत शिकले होते. सासर पळसदरीचं, शेतकऱ्यांचं. घरात सासूबाई, ज्यांना सगळं गाव आई म्हणायचं, आमचे हे, आणि यांची धाकटी बहीण भागीरथी, म्हणजे भागी. भागी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिला खालापूरला दिली होती. लग्न माघात झालं आणि ज्येष्ठात तिचा नवरा शिवराम पलटणीत भरती होऊन गेला. चार महिन्यांचा संसार. त्यातही एक महिना ती माहेरी होती.

वर्षभर त्याची पत्रं आली. पत्र खालापूरला यायचं, ते घेऊन भागी आमच्याकडे यायची आणि मी ते तिला वाचून दाखवायची. त्यात भागीचं नाव कधी नसायचं. ‘घरच्या सर्वांस नमस्कार’ एवढंच. भागी म्हणायची, “वयनी, ते ‘सर्वांस’ परत वाचा.” मी परत वाचायची. मग एक खाकी पाकीट आलं. त्यात मेला असं लिहिलं नव्हतं. बेपत्ता असं लिहिलं होतं.

त्या एका शब्दावर भागीनं दोन वर्षं काढली. कुंकू लावावं की पुसावं, हे कोणी सांगेना. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या, आणि ती आली की त्यांचे हात करंड्यापाशी अडखळायचे. सासरी सासू नव्हती. सासरे, ज्यांना आम्ही सगळेच मामंजी म्हणायचो, साधे माणूस होते, तिला लेकीसारखं वागवायचे. पण तिचं तिथं लक्ष लागेना, म्हणून कापणीपासून त्यांनीच तिला आमच्याकडे पाठवलं होतं.

लढाई संपली आणि माणसं परत यायला लागली. कर्जतला गाडीला मागून घाट चढायचं इंजिन जोडतात. तिथून निघालेली गाडी पळसदरीपाशी चढावर हळू होते. डबेच्या डबे शिपायांनी भरलेले असायचे. खिडकीतून हात, टोप्या, हसणारी तोंडं. आम्ही वालाच्या शेतात असलो की भागी सरळ उभी राहायची, हात कपाळावर धरून, शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत. मग खाली वाकायची. मी तिला कधी काही विचारलं नाही. गाडीतला कुणीतरी एखादा तिला हात करायचा आणि ती लाजायचीसुद्धा नाही. तिला त्यांतला फक्त एकच माणूस बघायचा होता.

अशात कर्जतला तंबूतला सिनेमा आला. स्टेशनाच्या पलीकडच्या कापलेल्या शेतात मोठा मळकट तंबू ठोकला. रंगीत पाट्या लावलेली बैलगाडी ढोल वाजवत गावोगाव फिरली. गाडीतला माणूस ओरडायचा, “मुंबईत बाया बेशुद्ध पडल्या! कमजोर काळजाच्या माणसानं येऊ नये!” यापेक्षा मोठं आमंत्रण काय असतं? पंचक्रोशीत दुसरा विषय राहिला नाही. आमच्या आळीतली म्हातारी म्हणायची, “घरात दिव्याला राकेल भेटत नाय, नि तंबूत येवडा उजेड पडतोय. ती भुताटकीच की रं.”

मी नेरळची, त्यामुळे आधी एकदा सिनेमा बघितलेला. तेवढ्यावर मी घरात शहाणी ठरत होते. मीच यांच्या मागे लागले. भागीचं मन रमेल, असं आईंना मीच सांगितलं. भागी नको म्हणत होती. “मला काय कळनार वयनी? हिंदी बोलतात ते.” मी तिचा हात धरून तिला बैलगाडीत बसवलं. हे मला आजही लख्ख आठवतं. तिचा हात वालाच्या पाल्यानं हिरवा झालेला होता.

तंबूत जमिनीवर पेंढा पसरला होता. त्याखालून धसकटं टोचायची. मधोमध दोरी, एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बायका. बाहेर वीज करणारं इंजिन फट्फट करत होतं. एक रीळ संपलं की दिवा लागायचा, सगळे एकमेकांकडे बघून हसायचे, आणि पुन्हा अंधार झाला की एकमेकांना घट्ट धरायचे.

गोष्ट सोपी होती. एक जमीनदार शिकारीला जातो आणि दरीत पडून मरतो. त्याची बायको वाड्यात एकटी राहते. मग पावसाच्या रात्री तो परत येतो. आधी नुसती पावलं वाजतात. मग दार. मग त्याची पाठ दिसते, रुंद खांदे, अंगावरून पाणी निथळतंय. आमच्या बाजूला किंकाळ्यांना सुरुवात झाली. एक लेकुरवाळी उठून पळाली. मी तर पदर तोंडावर ओढून घेतला आणि पदराआडून एका डोळ्यानं बघत राहिले. पडद्यावरची बायको दाराशी आली. तिचा हात कडीकडे गेला आणि थांबला. सगळा तंबू ओरडायला लागला, “उघडू नको! उघडू नको गं!”

माझ्या शेजारून आवाज आला, “उघड गं बाय. भिजलाय तो.”

भागी ताठ बसली होती. हात मांडीवर. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, आणि तिच्या तोंडावर भीती नावालाही नव्हती. नव्या नवरीला सासरचे दिवे लांबून दिसावेत, तसं ते तोंड दिसत होतं. पुढच्या रांगेतली कुणीतरी खो खो हसली. मग तिच्या शेजारणीनं तिच्या कानात काही सांगितलं, आणि ते हसू मधेच तुटलं.

परत येताना गाडीत यांनी विचारलं, “भागे, तुला भ्या नाय वाटलं?”

“कशाचं?”

“भुताचं गं.”

“भूत कुठं होतं दादा? नवरा होता तिचा.”

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा तेवढा आवाज. हे माझ्याकडे वळून बघत नव्हते, पण ते माझ्यावर रागावलेत हे त्यांच्या पाठीवरून मला कळत होतं.

मला वाटलं होतं, झालं ते झालं. पण दोन दिवसांनी भागी चुलीपाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “वयनी, पुन्यांदा जाऊया?” किती महिन्यांनी तिनं स्वतःहून काही मागितलं होतं! बाजाराच्या दिवशी तंबूवर काळी कापडं टाकून दुपारचा खेळ व्हायचा. मीठ आणायचं निमित्त करून मी तिला नेलं. या वेळी मी सिनेमा कमी बघितला आणि तिलाच जास्त. तो दारात पाठमोरा उभा राहिला की ती पुढे सरकायची. तोंड दिसलं की डोळे बारीक करायची, लांबून येणाऱ्या माणसाला ओळखताना करतो तसे. खेळ संपल्यावर ती मीठ घ्यायचं विसरली नाही. रस्त्यात माझ्याशी आपणहून बोलली, एका बोरीखाली थांबून बोरं वेचली. मला बरं वाटलं. खरं सांगते, मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

तिसऱ्या खेपेला ती एकटीच गेली, कुणाला न सांगता. आणि मग बोभाटा झाला. तरणी बाई, एकटी, भुताचा सिनेमा बघते, भुताला दार उघड म्हणते. कोणी म्हणालं, हिला झपाटलंय. कोणी म्हणालं, शिवरामच तिच्यात आलाय, म्हणून तिला भीती वाटत नाही. विहिरीवर आमची घागर टेकली की बायका सरकून बसायला लागल्या. आईंनी पाटावरच्या देवापुढे डोकं टेकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा दोघींना घेऊन त्या डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीत भगताकडे गेल्या.

भगत म्हातारा होता. अंगणात बसून टोपली विणत होता. त्यानं भागीला समोर बसवलं. आम्हाला वाटलं, आता तांदूळ टाकील, घुमेल, ओरडेल. त्यानं नुसतं विचारलं, “जेवतेस ना बाय?”

“जेवते.”

“झोप लागतं?”

“लागती.”

“तो येतो काय सपनात?”

भागी मान खाली घालून बसली. म्हणाली, “येत नाय. तेच तर.”

म्हाताऱ्यानं हातातली बांबूची कांबट बाजूला ठेवली. आईंना म्हणाला, “हिला काय नाय झाला. माजा पोरगा कोळशाच्या भट्टीवर गेला, तो नाय आला परत. माजी बायको अशीच बसायची वाटंकडं बघत. तिला मी काय उतारा दिला नाय. काय देनार?” आईंनी पुढे केलेला नारळ त्यानं घेतला नाही. निघताना भागीच्या ओटीत त्यानं मूठभर भाजलेले चिंचोके घातले.

परतताना आई रडत होत्या. त्यांना भूत हवं होतं. भूत असतं तर काढता आलं असतं.

बोभाटा खालापूरला पोचायला वेळ लागला नाही. चार दिवसांत मामंजी आले. पटका काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि पाणी प्यायले. मग म्हणाले, “आमच्या आळीतली दोन पोरं आली परत. तेंच्याकडं इचारपूस केली. कुनी काय सांगत नाय. आता लोक पोरीला नावं ठेवाया लागलेत. मी तेचे दिवस घालायचं ठरवलंय. माजाच पोरगा हाय तो. माज्या तोंडून हे निघतंय, तवा समजून घ्या.” दिवस घालायचे, म्हणजे तो गेला असं मानून क्रियाकर्म करायचं. आणि भागीचं कपाळ पुसायचं.

हे भागीला सांगायचं काम माझ्यावर आलं. ती वालाच्या शेतात शेंगा खुडत होती. सकाळचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. मी तिच्या ओळीत जाऊन खुडायला लागले. तिनंच विचारलं, “मामंजी न्यायाला आलेत न्हवं?”

मी सांगितलं. ती चिडेल, रडेल, नको म्हणेल, असं मला वाटलं होतं. दोन वर्षं ती त्या एका शब्दाला धरून उभी होती. पण ती खाली बसली, ओल्या मातीत, आणि म्हणाली, “वयनी, मला भ्या वाटतंय.”

तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. “मामंजींचं? ते काय तुला वाईट...”

“नाय. डोळं मिटलं की तो येतो, तेचं.”

“कोन गं?”

“तंबूतला.” तिनं माझा हात धरला. “पयल्या खेपंला तो दारात पाठमोरा उभा राह्यला ना, तवा अगदी ह्यांच्यावानी दिसला. खांदं तसंच. म्हनून परत गेले. ह्यांचं तोंड जरा पुसट झालं होतं मनात, म्हटलं खांदं बघून आठवंल. आठवलं बी, थोडं थोडं. पन तिसऱ्या खेपंपासून... वयनी, मी ह्यांना आठवाया बसते नि तो येतो. तेचंच नाक, तेचंच डोळं. तेला सारते बाजूला, मागं काय नाय. नुसतं काळं. चार म्हैनं बघितलेलं तोंड. तेवडंच होतं माज्याकडं. फोटू बी नाय.”

मी काहीतरी बोलले असेन. आठवेल, थोडे दिवस जाऊ दे, असलंच काहीतरी.

“नि उद्या ते खरंच आले, दारात उभे राह्यले, नि मी म्हनलं, कोन तुमी? तर काय करू मी?”

वरच्या रुळावरून गाडी गेली. धुक्यात तिचे डबे नीट दिसत नव्हते. भागी उठली नाही. तिनं वरही बघितलं नाही. शेंगांची पाटी उचलून माझ्या डोक्यावर दिली आणि म्हणाली, “मामंजींना सांगा, घाला दिवस.”

मला आता कधी कधी वाटतं, माणसाला भीती वाटण्यासाठी त्याच्याजवळ काही शिल्लक असावं लागतं. आम्ही बाकीच्या त्या तंबूत किंचाळत होतो, कारण आमची माणसं दोरीपलीकडे नाहीतर घरी होती, भाकरीची वाट बघत होती. भागीला मेलेला नवरा परत आलेला बघून आनंद झाला होता. आणि तिच्याजवळ जे एवढंसं शिल्लक होतं, त्यालाच त्या सिनेमानं हात घातला. तंबूवाल्याचा त्यात काय दोष? त्या नटाचाही नाही. माझा आहे का, हे मी चाळीस वर्षं स्वतःला विचारतेय. ‘चल गं, मन रमेल’ असं म्हणून मीच तिचा हात ओढला होता.

पौषात खालापूरला दिवस झाले. पाताळगंगेच्या काठावर मामंजींनी कणकेचा माणूस करून त्याला अग्नी दिला. बांगड्या फोडताना भागी म्हणाली, “हळू, लागंल तुमाला,” समोरच्या बाईला. तंबू तोवर कर्जतहून हलला होता. पुढच्या हिवाळ्यात तो परत आला, पण आमच्या घरातलं कोणी गेलं नाही.

मामंजी आणखी दोन वर्षं जगले. ते गेल्यावर भागी आमच्याकडेच आली ती कायमची. काम करायची, माझी पोरं सांभाळायची, आईंची शेवटची दुखणी तिनंच काढली. शिवरामचं नाव घरात निघत नव्हतं.

आणि एका चैत्रात, दुपारी, घाटावरचा एक माणूस विचारत विचारत आमच्या दारात आला. पायानं थोडा लंगडत होता. शिवरामच्या पलटणीत होता. आधी खालापूरला जाऊन आला होता, तिथून आमचा पत्ता लागला. हे शेतावर होते, भागी माजघरात. तो माझ्याशीच बोलला. जंगलात पावसात वाट चुकलेली तुकडी, चालू न शकणारे तिघे, त्यातला एक शिवराम. “आमी त्यास्नी झाडाखाली बसवून मदत आणाया गेलो, वैनी. परत गेलो तवा ती जागाच घावली नाही.” हे त्याला इतकी वर्षं खात होतं, म्हणून तो आला होता. मग त्यानं पिशवीतून एक फोटो काढला. भरतीनंतरच्या छावणीत काढलेला, तीन रांगा शिपाई, सगळे एकसारखे कपडे घातलेले, एकसारखे कडक उभे. त्यानं बोट ठेवून दाखवलं, “ह्यो शिवराम.” मधली रांग, डावीकडून चौथा. मी लग्नात बघितला होता. ओळखला.

तो पाय धुवायला विहिरीवर गेला आणि मी फोटो घेऊन आत गेले. भागी तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, “भागे, ह्यात भावजी हायत.”

तिनं हात पदराला पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले. फोटो दाराच्या उजेडात धरला. मी म्हणणार होते, मधली रांग, चौथा. पण तिनं मला हातानंच थांबवलं. “सांगू नका. मी बघते.”

ती एकेका तोंडावरून बोट नेत होती. पहिली रांग संपली. मधली रांग सुरू झाली. चौथ्यापाशी बोट आलं. बोट पुढे सरकलं. बाहेर रहाटाचा आवाज येत होता. शेवटच्या रांगेत, टोकाला, एक पोरगेला शिपाई होता, किंचित हसलेला. तिथं तिचं बोट थांबलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उतरलं, जे मी पाच वर्षांत बघितलं नव्हतं.

“हेच न्हवं, वयनी?”

मी म्हटलं, “होय गं. हेच.”

संध्याकाळी यांनी फोटो बघितला. भागीनं दाखवलेलं तोंड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी कर्जतला जाऊन काच लावून आणली.